बोरू, शिळा आणि खिळा

नेवासें हें अहमदनगर जिल्ह्यांतलें, म्हणजे ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतलें, प्रवरेच्या कांठचें गांव. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानदेवांनीं येथें गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब आजही तेथें पाहावयास मिळतो. ज्ञानदेवांच्या वाणीविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र सांगणाऱ्याच्या बाजूचा नसून लिहून घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. उच्चारलेला शब्द कागदावर कोणत्या अक्षरांत उतरला, तें अक्षर पुढें कोणीं घडविलें, आणि दिव्याच्या उजेडांत तासन् तास वाचीत बसणाऱ्या डोळ्यांचा विचार त्यांत कोणीं केला, हें मला आपणांस थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ज्ञानेश्वरीला छापखान्याचा स्पर्श होण्यास पुढें साडेपांचशें वर्षें लागलीं. तोंवर ती हातानेंच उतरली जात होती. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना शब्द बदलले, ओव्या गळल्या, कोठें नव्या शिरल्या. म्हणूनच शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. याच जिल्ह्यांत, राहुरी तालुक्यांतील ताहराबादेस, अठराव्या शतकांत महिपति होऊन गेले. ते गांवचे कुळकर्णी. लेखणी हें त्यांच्या घरचें वतनच होतें. सरकारी लिहिणें सोडून त्यांनीं तीच लेखणी संतचरित्रांना वाहिली, आणि १७६२ सालीं ‘भक्तविजय’ सिद्ध झाला.

कुळकर्ण्याचें दप्तर मोडींत असे आणि पोथी बाळबोधींत असे, हा भेद येथें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपि. हात फारसा न उचलतां झरझर लिहावें आणि कागद दप्तरांत बांधून ठेवावा, हा तिचा धर्म. बाळबोध ही वाचणाऱ्याच्या सोयीची. तींत प्रत्येक अक्षर सुटें, भरीव आणि दुरूनही ओळखतां येईल असें. म्हणजे छापखाना येण्यापूर्वींच मराठीनें कचेरीचें अक्षर आणि ग्रंथाचें अक्षर हीं वेगळीं केलीं होतीं. लिहिणाऱ्याची सोय पाहावी कीं वाचणाऱ्याची, हा प्रश्न तेव्हांपासून या इतिहासांत पुनः पुनः उभा राहतो.

ग्रंथाच्या अक्षराला रूप दिलें तें बोरूनें. बोरूचें टोंक तिरपें छाटलेलें असतें. त्यामुळें एका दिशेनें ओढलेली रेघ जाड उमटते आणि हात वळला कीं तीच बारीक होते. ‘क’चा पोटाकडील फुगीर भाग, ‘ल’च्या दोन पाकळ्या, ‘श’चा देंठ, हीं सर्व त्या छाटेचीं लेंकरें आहेत. युरोपांतले लेखकही रुंद टोंकाच्या लेखणीनें लिहीत, परंतु त्यांच्या लेखणीचा कल निराळा. त्यामुळें रोमन अक्षरांत जाडी ज्या दिशेस येते, त्याच्या उलट दिशेस ती देवनागरींत येते. व्हेनिस शहरीं निकोलस जेन्सन यानें इ. स. १४७० च्या सुमारास रोमन खिळे पाडले, तेव्हां त्यानें आपल्या काळच्या लेखकांचें हस्ताक्षरच पुढें ठेवलें होतें. त्या वळणाच्या अक्षरांत रेघांच्या टोंकांस जुन्या रोमन शिलालेखांतल्यासारखीं बारीक पाउलें असतात. लंडनच्या विल्यम कॅस्लननें अठराव्या शतकांत तीच परंपरा चालविली, आणि मोठा मजकूर असलेलीं इंग्रजी पुस्तकें बहुधा अजूनही पाउलांच्या अक्षरांतच छापतात. हीं पाउलें अक्षरांना ओळीवर उभीं करतात व डोळ्याला एका अक्षरावरून दुसऱ्याकडे नेतात, असें मुद्रक मानतात. आपल्याकडे हें काम शिरोरेषेकडे आहे. त्यांचीं अक्षरें जमिनीवर उभीं असतात. आपलीं दोरीवर ओळीनें टांगलेलीं असतात.

हातानें लिहिलेलें हें अक्षर धातूंत उतरविणें सोपें नव्हतें. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. भाषा मराठी, ओवीही मराठी. पण खिळे रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं श्रीरामपुरास मराठी छपाई सुरू झाली. हें श्रीरामपूर बंगालमधलें. आपल्या नगर जिल्ह्यांतलें नव्हे. तेथें विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें, तें देवनागरींत. मराठी लोक व्यवहारांत मोडी वापरतात हें पाहून त्यांनीं नंतर मोडीचेही खिळे करविले आणि १८१० चा आपला कोश त्या खिळ्यांनीं छापला. युक्ति तर्कास धरून होती, पण ती टिकली नाहीं. मोडीचें सौंदर्य तिच्या धांवेंत. शिशाच्या सुट्या तुकड्यांत ती धांव राहात नाहीं. आणि मराठी वाचकाला ग्रंथ बाळबोधींतच पाहावयाची संवय होती. कॅरींनीं लोक काय लिहितात हें पाहिलें होतें. लोक काय वाचतात हा निराळा प्रश्न होता.

मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून १८१७ पासून मराठी छपाई होऊं लागली. तिचे पहिले खिळे बंगालकडूनच आलेले. त्यांचें वळण पूर्वेकडचें, आणि मराठी डोळ्यांना परकें. भरीस शाईंत चरबी असते हा समज. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं निघालें. तोंपर्यंतही छापील कागदाला शिवावयास कचरणारे भिक्षुक मुंबईंत होते, असें त्यावरून कळतें. हा अडसर दूर करणारा पुरुष म्हणजे गणपत कृष्णाजी. त्यांनीं मिशनचें काम पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. शाईंत चरबीऐवजीं तूप वापरून त्यांनीं लोकांची शंका दूर केली असें सांगतात. परंतु माझ्या समजुतीप्रमाणें तुपाइतकाच उपयोग शिळेचा झाला असला पाहिजे. शिळाछापांत लेखक बोरूनें, पण तेलकट शाईनें लिहितो, आणि तेंच लिहिणें दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढतात. म्हणजे छापलेलें पान हस्तलिखितासारखेंच दिसतें. वाचकाच्या हातीं नवी वस्तु आली, पण तिचा चेहरा ओळखीचा होता.

बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८४५ सालीं ज्ञानेश्वरी छापून काढली, ती शिळेवरच. नेवाशास बोलला गेलेला ग्रंथ लिहिला गेल्यावर ५५५ वर्षांनीं छापखान्यांत आला, आणि तेथेंही त्याचें स्वागत केलें तें एका लेखकाच्या बोरूनेंच.

याच सुमारास खुद्द नगर शहरांत एक निराळा वाचकवर्ग तयार होत होता. अमेरिकन मिशनचें ठाणें तेथें १८३१ सालीं बसलें. मिस सिंथिया फेरार १८३९ सालीं मुंबईहून नगरास गेल्या आणि तेथें त्यांनीं मुलींच्या शिक्षणाचें काम चालविलें. जून १८४२ मध्यें ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक नगरासच जन्मलें. कांहीं वर्षांनीं तें मुंबईस गेलें. या शाळांतून शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरीं बहुधा पोथी नव्हती, पंतोजीचा कित्ता नव्हता. त्यांच्या दृष्टीनें छापील अक्षर हेंच पहिलें अक्षर होतें. पोथीवाल्यांना खिळा परका वाटे म्हणून तो सुधारणें अवश्य होतें, हें एक. पण ज्यांना दुसरें अक्षर ठाऊकच नव्हतें, त्यांच्यासाठीं तो चांगला असणें याहूनही अवश्य होतें. वाईट कित्त्यावर शिकलेला हात जन्मभर वाईट लिहितो. वाईट खिळ्यांवर शिकलेला डोळा वाचनच सोडून देतो.

शिळा कितीही मायाळू असली तरी तिची मर्यादा लवकरच कळून आली. मोठा ग्रंथ शिळेवर छापावयाचा तर तो प्रथम पानापानानें लिहून काढावा लागे. एकदां दगड घासून टाकला कीं पुढल्या आवृत्तीला पुनः पहिल्यापासून लेखन. चूक सांपडली तर एक शब्द काढून दुसरा बसविणेंही जिकिरीचें. खिळ्यांत या सर्व गोष्टी सुलभ होत्या. अडचण एकच, कीं खिळे सुंदर नव्हते.

खिळा होतो कसा, हें येथें सांगितलें पाहिजे. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरतात. ती कांडी तापवून कठीण करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यांत अक्षराचा खोल सांचा उमटतो. त्या सांच्यांत शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओततात, आणि निवालेला खिळा घासून उंचीला बरोबर करतात. सगळी करामत त्या पहिल्या कांडींत. कोरणाऱ्यानें केंसभर अधिक धातु काढला तर ‘म’ रोडावतो. कमी काढला तर ‘ध’चा डोळा शाईनें भरून जातो. बरें, इंग्रजीचें काम दीडशेंच्या आंतबाहेर खिळ्यांत भागतें. देवनागरीला जोडाक्षरें आणि काना-मात्रा धरून चारशें-पांचशें लागतात. त्यांतील प्रत्येकासाठीं एक कांडी.

मात्रा व वेलांट्या बसविण्याच्या दोन पद्धति होत्या. एकींत मूळ अक्षर लहान अंगाचें करून वर मात्रेची आणि खालीं उकाराची वेगळी रांग जुळवीत. दुसरींत अक्षर पुऱ्या उंचीचें एकसंध ओतीत. छापखान्यांच्या बोलींत एकीस ‘डिग्री’ व दुसरीस ‘अखंड’ म्हणत. पहिलींत खिळे कमी लागत, पण मात्रा अक्षरावर नीट न बसतां अधांतरीं तरंगल्यासारखी दिसे. शिवाय जीं नाजूक टोंकें अंगाबाहेर काढलेलीं असत, तीं छापतांना मोडत. मराठींत अनुस्वार मोडला तर केवळ ठिपका जात नाहीं. एकाचे अनेक किंवा अनेकांचा एक होऊन बसतो. जुन्या पुस्तकांतल्या कित्येक ‘अशुद्धां’ना लेखक किंवा जुळारी जबाबदार नसून एक मोडका खिळा जबाबदार आहे.

हा खिळा सुधारण्याचें काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम या गृहस्थांनीं हातीं घेतलें. त्यांना जीवनवल्लभ नांवाच्या एका हुषार देशी कारागिराची जोड मिळाली. साहेबाला यंत्र ठाऊक होतें, कारागिराला वळण ठाऊक होतें. दोघांच्या सहवासांतून मुंबई वळणाचे नवे खिळे निघाले. त्याच छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्यासाठीं एक लहान मुलगा ठेवला होता. त्याचें नांव जावजी दादाजी.

जावजींचा जन्म १८३९ चा. शाळेचें शिक्षण त्यांना नांवापुरतेंच मिळालें. परंतु जो मुलगा दिवसभर खिळे घासतो, त्याच्या बोटांना प्रत्येक अक्षराचा कंगोरा पाठ होतो. पुढें दुसऱ्या छापखान्यांतून अनुभव घेऊन त्यांनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभारला. या उद्योगांत त्यांचे सोबती होते राणोजी रावजी आरू. पोलादाच्या कांडीवर अक्षर कोरण्यांत राणोजींचा हात विलक्षण होता. जावजींनीं पैसा, धोरण आणि वाचकाची पारख पुरविली. राणोजींनीं कोरणी चालविली. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून येथूनच मुलांच्या हातीं पडूं लागलें. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं ‘काव्यमाला’ निघूं लागली, आणि मुंबईच्या या खिळ्यांत छापलेलीं संस्कृत काव्यें देशभरच्या पंडितांच्या घरीं गेलीं. ५ एप्रिल १८९२ रोजीं जावजी वारले. पुत्र तुकाराम जावजी यांनीं काम पुढें चालविलें. १८९४ सालीं अण्णा मोरेश्वर कुंटे यांची ज्ञानेश्वरी निर्णयसागरांत छापून निघाली. शिळेवरच्या प्रतीपासून या प्रतीपर्यंत ४९ वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत खिळा बोरूच्या योग्यतेला पोंचला होता.

या अक्षरांत विशेष काय होतें? एक तर त्यांनीं बोरूची जाड-बारीक रेघ सोडली नाहीं, पण लेखकाच्या हाताचा चढउतार मात्र काढून टाकला. अक्षरांच्या पोटांत मोकळी जागा ठेवली, त्यामुळें हलक्या कागदावर शाई पसरली तरी ‘घ’ आणि ‘ध’ ओळखूं येत. अनुस्वाराचा ठिपका भरदार ठेवला. जोडाक्षरें पोथींतल्याप्रमाणें एकाखालीं एक रचलीं. शिरोरेषा खिळ्याखिळ्याच्या सांध्याशीं तुटूं नये इतकी घासाई चोख केली. यांतली एकही गोष्ट वाचकाच्या चटकन् नजरेस येणारी नव्हे. वाचकाला कळतें तें एवढेंच, कीं दोन तास वाचलें तरी डोळे शिणले नाहींत. घरोघर मोठ्या टाईपांतला ‘भक्तविजय’ मांडीवर घेऊन बसणाऱ्या वृद्ध स्त्रियांना राणोजी आरू कोण हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण चष्मा सरकवून एक अध्याय आणखी वाचावा असें त्यांना वाटलें, त्यांत राणोजींचा वांटा होता.

विसाव्या शतकांत प्रश्न पुनः उलटा फिरला. एकेक खिळा हातानें जुळविण्याऐवजीं कळ दाबून ओळ ओतणारीं यंत्रें आलीं. तीं इंग्रजीसाठीं घडलेलीं. त्यांच्या फळीवर नव्वद कळा, आणि देवनागरीला हवे चारशें आकार. लोकमान्य टिळकांनीं आपल्या छापखान्यासाठीं खिळ्यांची संख्या दोनशेंच्या आंत आणण्याची खटपट केली. १९३३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें हरि गोविंद गोविल यांच्या प्रयत्नानें देवनागरी लायनोटाईप सिद्ध झाला. सावरकरांनीं स्वरांसाठीं ‘अ’ची बाराखडी पुढें मांडली. या थोर लोकांचा हेतु छपाई स्वस्त व जलद व्हावी, ज्ञान लवकर पसरावें हाच होता, आणि वर्तमानपत्रांना त्याची गरजही होती. पण किंमत कोणीं दिली? रचलेलीं जोडाक्षरें मोडून पाय मोडक्या अक्षरांच्या रांगा झाल्या, वेलांट्या आखडल्या. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहावी असें ठरविलें. यंत्राला तें सोयीचें होतें, वाचकांच्या डोळ्यांना रुचलें नाहीं, आणि पुढें तो बदल मागें घ्यावा लागला. चारशें वर्षांच्या पोथ्या वाचून बनलेली दृष्टि ठराव करून बदलत नाहीं.

नंतर संगणक आला. त्याला शिशाच्या पेटीचें ओझें नाहीं. चारशेंच काय, हजार आकारही तो बाळगूं शकतो. यंत्राच्या अडचणीची सबब आतां उरली नाहीं. तरीही आरंभीं मराठी मजकूर बहुधा पडद्यासाठीं घडविलेल्या आणि हिंदी वळणाच्या अक्षरांतच पाहावा लागला. त्यांतला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या कित्त्यांतला नव्हता. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेविषयीं निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देंठाचा ‘श’ हीं मराठीचीं रूपें मान्य केलीं. राज्य मराठी विकास संस्थेनें ‘यशोमुद्रा’ हें अक्षर मराठीसाठीं मुद्दाम घडवून घेतलें. हीं कामें जावजी आणि राणोजी यांच्या वाटेवरचींच आहेत.

श्रोतेहो, या इतिहासांत वारंवार एकच निवाडा झालेला दिसतो. मोडीचे खिळे, तरंगणाऱ्या मात्रा, उजवीकडची वेलांटी, या सर्व गोष्टी करणाऱ्याच्या सोयीच्या होत्या आणि त्या मागें पडल्या. शिळेवरची ज्ञानेश्वरी आणि निर्णयसागरचा खिळा हीं वाचणाऱ्याच्या सोयीचीं होतीं आणि तीं रुजलीं. आतां अक्षर निवडण्याचा अधिकार छापखान्याच्या मालकाजवळ राहिलेला नाहीं. संस्थेचा अहवाल, शाळेचें पुस्तक, लग्नाची पत्रिका काढणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं तो आला आहे. म्हणून पुढच्या वेळीं एखादें मराठी पुस्तक दहा पानांनंतर मिटून ठेवावेंसें वाटलें, तर लेखकाला दोष देण्यापूर्वीं त्याचें अक्षर एकदां न्याहाळून पाहावें. आणि जें पुस्तक रात्रीं उशिरापर्यंत खालीं ठेववलें नाहीं, त्याचेंही पाहावें. त्यांतल्या ‘ल’ला दोन पाकळ्या असतील आणि ‘श’ला देंठ असेल, तर नेवाशाच्या लेखकापासून मुंबईच्या कोरणीपर्यंतचा हात अजून चालता आहे असें समजावें.